रातांब्याची बेगमी

मे महिना उतरणीला लागला की कोकणातल्या परसांत कोकमाच्या झाडाखालची जमीन लाल दिसू लागते. हापूस संपत आलेला असतो, फणस फुटू लागलेले असतात, घराची शाकारणी, लाकूडफाटा आत घेणे, पावसाळ्याची बेगमी अशी सगळी कामे एकदम अंगावर आलेली असतात. आणि नेमक्या याच दिवसांत हे झाड आपली फळे खाली टाकू लागते. एप्रिलच्या सुमारास पिकू लागलेला रातांबा मेअखेरीस भरात येतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मृगाचा पाऊस पडला की झाडावरच सडू लागतो. म्हणजे या फळाला हाताशी मिळणारे दिवस फार तर पाच-सहा आठवड्यांचे. एवढ्यात जे वेचले, फोडले आणि टिकवले ते आपले, उरलेले मातीचे. या मातीत जाणाऱ्या फळासाठी सर्वांत साधा, सर्वांत कमी साधनांचा आणि शास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरणारा उपाय म्हणजे घरी केलेले अमृत कोकम. ते केवळ आजीच्या आठवणीसाठी जपायची गोष्ट आहे असे मानले तर आपण त्याला कमी लेखतो. परसातल्या फळाचे काय करायचे या प्रश्नाला ते आजही सर्वांत नेमके उत्तर आहे, आणि का आहे ते नीट तपासून पाहण्यासारखे आहे.

आधी फळ जवळून पाहू. रातांबा साधारण लिंबाएवढा. कच्चा असताना हिरवा, पिकताना लाल, आणि पूर्ण पिकल्यावर काळपट जांभळ्याकडे झुकणारा. सुरीने मधोमध कापला की बोटे लगेच लाल होतात. बाहेर जाड, रसदार, आंबट साल. आत पांढरट, बुळबुळीत, आंबटगोड गर. आणि त्या गरात बसलेल्या पाच ते आठ बिया. झाड सरळ वाढणारे, फांद्या खाली झुकलेल्या, पालवी कोवळी असताना तांबूस. वनस्पतिशास्त्रात याचे नाव गार्सिनिया इंडिका. अठराव्या शतकातील लोराँ गार्सँ या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून गार्सिनिया हे कुलनाम आले. आग्नेय आशियातले प्रसिद्ध मंगोस्टीन हे याच कुळातले भावंड. पण दोघांत एक मोठा फरक आहे. मंगोस्टीनचा गर खातात आणि साल टाकतात. रातांब्यात सारी दौलत सालीत आहे. रंग सालीत, आम्ल सालीत, स्वाद सालीत. म्हणूनच आपल्याकडे या सालीला स्वतंत्र नावे मिळाली: वाळवली की ती आमसूल किंवा सोल, मिठात मुरवून रस काढला की आगळ, साखरेत मुरवली की अमृत कोकम. गोव्यात याच फळाला भिरंड म्हणतात, तुळू बोलणारे पुनर्पुळी म्हणतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ज्या किनाऱ्याने या फळाला इतकी नावे दिली, त्याने त्याचा किती बारकाईने वापर केला असेल हे वेगळे सांगायला नको.

तरीही आंब्या-काजूसारखा रातांबा बाजारात फळ म्हणून फारसा दिसत नाही, आणि त्याची कारणे झाडाच्या स्वभावातच आहेत. कोकमाची बहुतेक झाडे आखीव बागेतली नाहीत. ती परसात आहेत, शेताच्या बांधावर आहेत, कुळागराच्या कडेला आहेत, रानाच्या तोंडाशी आहेत. एका घरी एक, दुसऱ्या घरी दोन. एकाच झाडावरची फळेही एकदम पिकत नाहीत; आज दोन टोपल्या, परवा एक. पिकलेला रातांबा मऊ असतो, ढिगात दाबला की फुटतो, दोन-तीन दिवसांत पाणी सोडू लागतो. अशी विखुरलेली, थोडी थोडी मिळणारी आणि प्रवास न सोसणारी फळे गोळा करून दूरच्या कारखान्यात नेण्याचा खर्च अनेकदा फळाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. तेव्हा झाड जिथे आहे तिथेच, म्हणजे त्याच अंगणात, त्याच दिवशी त्याच्यावर काम व्हावे हे ओघानेच आले. परसाच्या फळाची प्रक्रियाही परसातच व्हायला हवी हे भावनेचे वाक्य नाही, हा सरळ हिशोब आहे.

फळ टिकवण्याचे तीन मार्ग कोकणाने शोधले: ऊन, मीठ आणि साखर. आमसुलासाठी साली वाळवायच्या, पुन्हा रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. असे पुटावर पुट देत गेले की ती काळी, मऊ आणि चकचकीत होते. उत्तम आमसूल हा कसबाचा पदार्थ आहे, पण त्याला सलग कडक ऊन लागते, रोज पसरणे-गोळा करणे लागते, आणि वळवाच्या एका सरीने आठवड्याचे कष्ट पाण्यात जातात. आगळाला ऊन लागत नाही, मीठ लागते, आणि ते सोलकढीसाठी अप्रतिम. पण त्याच्या खारटपणामुळे ते थोडेच वापरले जाते. साखरेचा मार्ग या दोहोंच्या मधला आहे. ऊन मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तरी सालीतला रस बाहेर येतोच. आभाळ भरून आले तर बरणी उचलून घरात आणली की झाले. म्हणजे हंगामाच्या अगदी शेवटी, पाऊस दाराशी असताना जी फळे हाती येतात, ज्यांचे आमसूल होण्याची आशा नसते, त्यांच्यासाठी अमृत कोकम हाच खरा मार्ग उरतो. आणि नेमकी हीच फळे आज सर्वांत जास्त वाया जातात.

करण्याची रीत सोपी आहे, पण प्रत्येक पायरीला कारण आहे. पूर्ण पिकलेले, न फुटलेले रातांबे निवडावेत. खाली पडून चिरलेली फळे बाजूला काढावीत, कारण त्या चिरेतून आंबवणारे जंतू आधीच आत शिरलेले असतात. फळे स्वच्छ धुऊन फडक्याने पुसावीत आणि पाणी पूर्ण सुकू द्यावे. मग ती मधोमध कापून गर आणि बिया चमच्याने काढून घ्याव्यात. हातात उरतात त्या लालभडक वाट्या. या वाट्यांत साखर भरून त्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत एकावर एक रचत जावे, थराथरांत आणखी साखर पसरावी. प्रचलित प्रमाण एक किलो सालीला दीड ते दोन किलो साखर असे आहे. बरणीच्या तोंडाला कोरडे, स्वच्छ फडके बांधून ती सात-आठ दिवस उन्हात ठेवावी, संध्याकाळी आत घ्यावी, आणि रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने तळापासून ढवळावी. पहिल्या दिवसाच्या अखेरीसच वाट्यांच्या कडा ओलसर होऊन साखर गुलाबी दिसू लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणीत अर्ध्यापर्यंत माणकाच्या रंगाचा पाक उभा असतो आणि ताज्या, टणक वाट्या मऊ पडून सुरकुतलेल्या असतात. साखर पूर्ण विरघळली की पाक गाळावा, चवीपुरते मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी आणि कोरड्या बाटल्यांत भरावा. चूल पेटवावी लागत नाही, पाण्याचा थेंब घालावा लागत नाही.

चूल नाही, पाणी नाही, औषध नाही, तर मग हे टिकते कसे? याचे उत्तर परासरणात आहे. सालीच्या पेशींत पाणी आहे, बाहेर कोरडी साखर आहे. पेशीच्या पडद्यातून पाणी कमी दाटीच्या बाजूकडून जास्त दाटीच्या बाजूकडे जाते; म्हणून सालीतला रस बाहेर ओढला जातो आणि तोच साखर विरघळवतो. हीच ओढ जंतूंनाही लागू पडते. बुरशी किंवा यीस्टची पेशी दाट पाकात पडली की तिच्यातले पाणी बाहेर खेचले जाते आणि तिची वाढ थांबते. पाकात पाणी असते, पण ते साखरेला बांधलेले असते. जंतूंच्या वाट्याला येत नाही. किती साखर पुरेशी, हेही घरबसल्या मोजता येते. ताज्या सालीत साधारण आठ दशांश पाणी धरले, तर एक किलो सालीत ८०० ग्रॅम पाणी आहे. त्यात एक किलो साखर घातली तर पाकात साखरेचे प्रमाण जेमतेम ५५ टक्के येते. दीड किलो घातली तर ते ६५ टक्क्यांवर जाते, आणि दोन किलो घातली तर ७० टक्क्यांच्या थोडे पुढे. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत फळांच्या सिरपसाठी विद्राव्य घन पदार्थांचे किमान प्रमाण ६५ टक्केच ठरवलेले आहे. ज्यांनी कधी टक्केवारी मांडली नाही त्या घरांनी अनुभवाने जे प्रमाण धरले, ते या आकड्याशी तंतोतंत जुळते. दीडपट ही खालची मर्यादा आणि दुप्पट ही निर्धास्तपणाची. बरोबरीने साखर घालून केलेले अमृत कोकम महिन्याभरात का फसफसते, याचेही उत्तर याच हिशोबात आहे.

साखरेइतकेच मोठे काम कोकमाचे स्वतःचे आम्ल करते. या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक नावाचे आम्ल भरपूर असते आणि तिच्या रसाचा सामू लिंबाच्या रसाच्या आसपास, म्हणजे दोनच्या सुमारास असतो. अन्नातले सर्वांत घातक विष तयार करणारा बोटुलिनम जंतू ४.६ पेक्षा कमी सामू असलेल्या पदार्थात वाढू शकत नाही. कोकमाचा रस त्या रेषेच्या कितीतरी खाली आहे. आंबा, चिकू, पपई यांच्या सरबताला वरून सायट्रिक आम्ल घालावे लागते. रातांबा ते जन्मतः घेऊन येतो. याच आम्लाचा आणखी एक गुण आहे, जो सहसा ध्यानात येत नाही. २५ अंश तापमानाला साध्या साखरेचे द्रावण ६७ टक्क्यांच्या आसपास पूर्ण तृप्त होते. त्यापुढची साखर तळाशी खडे धरून बसते. अमृत कोकमात मात्र आम्ल आणि उन्हाची ऊब मिळून काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतात. हे मिश्रण साध्या साखरेपेक्षा अधिक विरघळते आणि सहज खडे धरत नाही. म्हणून दुप्पट साखर घातलेला पाकही बाटलीत वाहता राहतो. आणि रंग? तो अँथोसायनिन वर्गातल्या रंगद्रव्यांचा. जांभळाचा रंगही याच घराण्यातला. ही द्रव्ये आम्लात लाल राहतात आणि अल्कलीत निळसर होतात; आगळाच्या थेंबावर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की डोळ्यांदेखत निळा-जांभळा रंग उमटतो. ती जास्त उष्णतेने मात्र विटतात. म्हणून कोकम उकळून पाक केला की तो तपकिरी होतो, आणि उन्हात मुरवलेला लाल राहतो. चूल न पेटवणे हा इथे आळस नाही, रंग राखण्याची ती युक्ती आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. आठवडाभर फडके बांधून उन्हात ठेवलेली, न उकळलेली, परिरक्षक न घातलेली वस्तू पाहुण्यांना द्यावी का, असे आजचा सावध माणूस विचारतो आणि त्याने विचारावेच. उत्तर असे की वर सांगितलेली दोन कुंपणे, दाट साखर आणि तीव्र आम्ल, दोन्ही शाबूत असतील तर द्यावी. धोका कुंपण मोडल्याने येतो, आणि ते मोडण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. ओली बरणी, ओला डाव, नीट न सुकलेली फळे. घट्ट झाकण लावून उन्हात ठेवलेली बरणी, जिच्या झाकणाला आतून वाफेचे थेंब जमतात आणि पाकाच्या वरच्या थरावर पडून तेवढाच थर पातळ करतात; बुरशी धरते ती तिथेच. साखर कमी घालण्याचा मोह. आणि चुकीचे भांडे: इतक्या तीव्र आम्लाचा पदार्थ ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात घडीभरही ठेवू नये, कारण धातू त्यात उतरतो. काही यीस्ट दाट साखरेतही तग धरतात, म्हणून बाटली उघडल्यावर फेस, दारूसारखा वास किंवा वर तवंग दिसला तर ती ओतून द्यावी. उकळून वाचवण्याच्या भरीस पडू नये. सोडियम बेंझोएटसारखी परवानगी असलेली परिरक्षके कारखान्याला लागतात, कारण त्याची बाटली कुठल्या उन्हात, कुठल्या दुकानात किती महिने पडेल हे त्याच्या हाती नसते. घरची बाटली कुठे आहे हे घराला माहीत असते. अंधाऱ्या, थंड जागी ठेवलेले नीट प्रमाणातले अमृत कोकम पुढच्या हंगामापर्यंत साथ देते. रंग मात्र हळूहळू मंदावतो, ते स्वाभाविक आहे.

दुसरा आक्षेप साखरेचा, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. तो टाळून चालणार नाही. पेलाभर सरबताला साधारण ३० मिलिलिटर पाक लागतो. ६५ टक्क्यांच्या पाकात तेवढ्यात सुमारे २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घेतलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या. दोन हजार कॅलरींच्या आहारात हा पाच टक्क्यांचा वाटा २५ ग्रॅमच होतो. म्हणजे अमृत कोकमाचा एक पेला हा दिवसाचा आदर्श वाटा एकट्याने संपवतो. तो घरी केला आहे, फळाचा आहे, आजीच्या रीतीचा आहे, म्हणून त्यातली साखर कमी होत नाही. मधुमेह असलेल्या माणसाला तो देऊ नये, आणि मुलांनाही रोज देऊ नये. पण या सत्यातून अमृत कोकम करूच नये असा निष्कर्ष निघत नाही. ते कशासाठी आहे हे ओळखावे, एवढाच निघतो. साखर इथे चवीसाठी नंतर आली, टिकवण्यासाठी आधी. मूळ समजूतही तीच होती: हा पाक उन्हातून आलेल्या पाहुण्यासाठी, सणासाठी, मोजून वापरण्यासाठी. रोजच्या तहानेला आगळ किंवा आमसुलाचे पाणी आहेच, त्यात साखर आपल्या हाताने, हवी तेवढीच. आणि ज्यांना कमी गोड पाकच हवा, त्यांनी साखर बरोबरीने घालावी, पण मग तो फ्रिजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवावा. साखर कमी करायची आणि बाटली फडताळात वर्षभर ठेवायची, हे दोन्ही एकाच वेळी साधत नाही.

याच ओघात औषधी गुणांच्या दाव्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे, कारण अमृत या नावाने पुष्कळांची दिशाभूल होते. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावणे, जेवणानंतर सोलकढी पिणे या घरोघरच्या रीती आहेत आणि त्या ज्याला मानवतात त्याने सुखाने पाळाव्यात. पण हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाने वजन उतरते असे सांगून गार्सिनियाच्या अर्काच्या ज्या गोळ्या विकल्या जातात, त्यांचा आणि आपल्या सरबताचा संबंध जोडू नये. त्या गोळ्यांतला अर्क बहुतेक वेळा याच कुळातल्या दुसऱ्या झाडाचा असतो, तो फार दाट असतो, वजन घटवण्याचा त्याचा पुरावा तोकडा आहे आणि अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पाच चमचे साखर घातलेल्या पेयाला वजन उतरवणारे म्हणणे तर उघड चूक आहे. कोकमाच्या सरबताला औषध ठरवण्याची गरजच नाही. उन्हाने सुकलेल्या घशाला आंबट, गोड, खारट आणि जिऱ्याचा वास असलेला थंड घोट मिळतो, एवढी त्याची योग्यता पुरेशी आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. बाजारात अमृत कोकमाची बाटली सहज मिळते, मग हात लाल कशाला करायचे? ज्याच्या घरी झाड नाही त्याच्यासाठी हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याने कोकणातल्या एखाद्या बचत गटाची, घरगुती उद्योगाची चांगली बाटली विकत घ्यावी. घेताना लेबलवरची घटकांची यादी वाचावी. नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. साखर, कोकम, मीठ, जिरे एवढ्यावर यादी थांबली तर उत्तम. यादीत पाणी वर आणि कोकम खाली असेल, आणि पुढे रंग व स्वादाची नावे असतील, तर सालीचे काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतले आहे हे समजावे. पण ज्याच्या परसात झाड आहे आणि ज्याच्या अंगणात फळ सडते आहे, त्याने दुसऱ्याने केलेली बाटली आणणे हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही. त्या झाडाची किंमत त्याच्या लेखी शून्य होते. आणि ज्या झाडाचा उपयोग संपला, ते बांधकामाच्या किंवा सरपणाच्या वेळी सर्वांत आधी तोडले जाते. परसातली झाडे त्यांच्या वापराने टिकतात.

चौथा आक्षेप कष्टाचा. मेअखेरीस घरात आधीच कामांची रांग असते, माणसे कमी असतात, मुले शहरात असतात. त्यात रातांबे फोडत कोण बसणार? आमसुलाच्या बाबतीत हा आक्षेप खरा आहे. अमृत कोकमाला मात्र तो तितका लागत नाही. दोन किलो फळे फोडून साधारण एक किलो साल निघते. त्याला दोन माणसांचा तासभर पुरतो. पुढचे आठ दिवस रोज दोन मिनिटांचे ढवळणे. शिवाय या कामात काहीच वाया जात नाही, म्हणून कष्टाचे मोल अनेक पदरांनी परत येते. गाळून उरलेल्या, साखरेत मुरलेल्या वाट्या वाळवल्या की मुलांना खायला आंबटगोड साली होतात. काढलेल्या गराच्या रसाचे पुट आमसुलाला देता येते. बिया धुऊन वाळवून ठेवल्या की पुढे त्यांचे कोकमतेल निघते, गोव्यात ज्याला भिरंडेल म्हणतात. अंगाच्या उबेइतक्या तापमानापर्यंत घट्ट राहणारी ही पांढरट वडी पावसाळ्यात भेगाळलेल्या टाचांना लावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. एका फळातून पेय, खाऊ, आंबटपणा आणि मलम अशा चार गोष्टी निघतात, आणि त्यासाठी बरणी, सुरी, फडके आणि साखर यांपलीकडे फारसे काही विकत आणावे लागत नाही.

झाडच नाही, पण जागा आहे, अशांसाठी एक सूचना. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी लावून केलेल्या रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात, आणि हे कळायला फुले येईपर्यंत सहा-सात वर्षे वाट पाहावी लागते. पुष्कळ परसांतले झाड वर्षानुवर्षे फळच देत नाही, याचे कारण हेच. म्हणून खात्रीच्या मादी झाडावरून बांधलेले कलमच लावावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता आणि कोकण हातीस या जाती दिल्या आहेत. हातीसची फळे विशेष मोठी असतात. नारळ-सुपारीच्या सावलीतही हे झाड वाढते आणि एकदा रुजले की फारशी निगा मागत नाही.

सगळे आक्षेप ऐकून घेतल्यावर जे उरते ते असे. अमृत कोकम गोड आहे, म्हणून ते मोजून प्यावे. ते औषध नाही, म्हणून त्याला तसे विकू नये. त्याला स्वच्छता आणि प्रमाण लागते, म्हणून त्यात हयगय करू नये. पण झाडाखाली पडलेल्या, दोन दिवसांत सडणाऱ्या फळाला चूल, यंत्र, वीज आणि रसायन यांशिवाय वर्षभराचे आयुष्य देणारी याहून सोपी रीत आपल्या किनाऱ्याला माहीत नाही. ती रीत कुठल्या पुस्तकात अडकलेली नाही; गावात अजून हाताने ती करणारी माणसे आहेत. तेव्हा ज्यांच्या परसात कोकमाचे झाड आहे, त्यांनी या मेअखेरीस दोन किलो रातांबे वेचावेत, एक बरणी पुसून कोरडी करावी आणि दुप्पट साखर मोजून घ्यावी. पहिला पाऊस पडेल तेव्हा पाक गाळून बाटलीत भरलेला असेल.